उताराचे साठ मीटर

उर्बानच्या कपाटात, लोकरीच्या एका जुन्या मोज्यात गुंडाळून, ती दुर्बीण चार वर्षे पडून होती. रायफलीवर बसवायची दुर्बीण. बटण दाबले की समोरचे जनावर किती मीटरवर उभे आहे ते आत लाल आकड्यात दाखवणारी. ती त्याच्या मुलाची, क्लेमेनची. तो घर सोडून गेला तेव्हा रायफल, हिरवा कोट, टोपी सगळे इथेच टाकून गेला, आणि पाव्लाने ते झाडूनपुसून ठेवून दिले, कारण आया असेच करतात. उर्बानने मात्र त्या दुर्बिणीला हात लावला नव्हता. शिकाऱ्याला अंतर डोळ्यांनी कळले पाहिजे, आणि ज्याला कळत नाही त्याने बटाटे लावावेत, असे त्याचे मत होते आणि ते सगळ्या गावाला ऐकून ऐकून पाठ झाले होते.

उर्बान एकाहत्तर वर्षांचा. सेहेचाळीस वर्षे तो कोशुता डोंगराच्या कड्यांवर शिकार करत आला होता, आणि त्यातली एकोणीस वर्षे आमच्या पोदबोरच्या शिकारी मंडळाचा अध्यक्ष होता. जखमी होऊन तडफडत राहिलेले जनावर त्याच्या नावावर एकही नव्हते. हे तो स्वतःहून सांगत नसे. पण दुसरा कोणी सांगू लागला तर त्याला थांबवतही नसे. आता मात्र लांबचे सगळे पुसट दिसू लागले होते, आणि जानेवारीत परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून टाकले होते, "या खेपेला मी सही करणार नाही हं. आणि माझ्यावर डोळे वटारू नका, मी कुठं बसलेय ते तरी नीट दिसतंय का तुम्हाला?"

म्हणजे ही शेवटची शिकार. मंडळाने त्याच्या वाट्याला एक म्हातारा गाम्स दिला होता. गाम्स म्हणजे आमच्या कड्यांवरचा, आकड्यासारख्या शिंगांचा रानबोकड. तो गुरुवारी मारायचा, आणि रविवारी मार्टिनच्या सणाला, नवी वाइन उघडताना, क्लेमेन घरी येणार होता. चार वर्षांत पहिल्यांदा.

त्या येण्यामागे पाव्लाची दोन वर्षांची खटपट होती. दर आठवड्याला ती सीमेपलीकडच्या बेल्याक शहरात मुलाला फोन करायची, आणि फोन ठेवला की नवऱ्याच्या मागे लागायची. शेवटी उर्बान म्हणाला होता, "येऊ दे की. मी कुठं दाराला कडी घातलीय? फक्त विंकोसमोर आणि मंडळाच्या बाकीच्या माणसांसमोर त्यानं म्हणायचं, चूक माझी होती. एवढंच. मग हे घर त्याचंच आहे."

"एवढंच?" पाव्लाने विचारले.

"एवढंच."

पाव्लाने ते 'एवढंच' बेल्याकला कळवले. पलीकडून क्लेमेन म्हणाला, "ठीक आहे, आई. तुझ्यासाठी म्हणतो."

ती चूक कोणती, हे आमच्या गावात कोणालाही विचारा. चार वर्षांपूर्वी क्लेमेनची सरकारी राखीव जंगलात पूर्णवेळ वनरक्षक म्हणून निवड झाली होती. लहानपणापासून त्याला दुसरे काही व्हायचेच नव्हते. कामावर रुजू व्हायला दोन महिने असताना तो आणि उर्बान कड्यावर शेजारी शेजारी पालथे पडले होते. खाली तीव्र उतार, उतारावर एक गाम्स.

"किती?" उर्बानने विचारले.

"दोनशे चाळीस दाखवतेय."

"उतार आहे. पन्नास काढ."

हे काढणे म्हणजे काय, ते आमच्याकडे बापाकडून मुलाला मिळते. तिरकी, खाली झाडलेली गोळी सपाटीवरच्यापेक्षा वर लागते. म्हणून उतार बघायचा, अंतरातून अंदाजाने काही वजा करायचे, आणि उरलेल्या आकड्याने नेम धरायचा. उर्बानला हे त्याच्या बापाने शिकवले होते आणि बापाला आजोबाने.

"बाबा, ही दुर्बीण—"

"काढ म्हटलं ना!"

क्लेमेनने पन्नास काढले. गोळी खाली लागली, पुढचा पाय मोडला, आणि जनावर तीन पायांवर दरीत उतरून गेले. मग पाऊस आला आणि माग धुऊन गेला. तिसऱ्या दिवशी ते सापडले तेव्हा कावळ्यांनी त्याचे डोळे नेले होते, आणि विंको, मंडळाचा माग काढणारा आणि उर्बानचा जुना मित्र, म्हणाला की ते आदल्या दिवसापर्यंत जिवंत असावे.

मंडळाची चौकशी बसली. विंको म्हणाला, "उर्बान, तू बाजूला हो, तुझा मुलगा आहे." उर्बान हलला नाही. मुलाला पाठीशी घातले असे कोणी म्हणायला नको, म्हणून तो स्वतःच अध्यक्षाच्या खुर्चीत बसला. क्लेमेन एकच वाक्य बोलला, "बाबांनी सांगितलं तसंच मी केलं." ते वाक्य उर्बानला जे लागले ते कायमचे. भर सभेत स्वतःचे पाप बापाच्या गळ्यात घालतो! त्याने शांतपणे विचारले, "चाप कोणी ओढला?"

"मी."

"मग गोळी कोणाची?"

"माझी," क्लेमेन म्हणाला.

दोन वर्षांची बंदी. एवढ्यावर न थांबता उर्बान खुर्चीतून उठला आणि मुलाच्या टोपीवरची डहाळी त्याने स्वतःच्या हाताने उपटली. आमच्याकडे जनावर पडले की देवदाराची एक डहाळी त्याच्या तोंडात ठेवतात, शेवटचा घास म्हणून, आणि दुसरी त्याच्या रक्तात बुडवून शिकाऱ्याच्या टोपीत खोचतात. क्लेमेनच्या टोपीत त्याच मोसमातल्या आधीच्या शिकारीची होती. उर्बानने ती टेबलावर टाकली. गावात आठवडाभर कौतुक चालले होते, माणूस असावा तर असा, पोटच्या पोराला सोडलं नाही. बंदी घातलेल्या माणसाला राखीव जंगलवाले कामावर कशाला घेतील? क्लेमेन बेल्याकला गेला. तिथे एका गोदामात तो माल उचलायची गाडी चालवतो.

तर अशी ती दुर्बीण उर्बानने मंगळवारी मोज्यातून बाहेर काढली. डोळे दगा देत होते हे एक कारण. दुसरे कारण त्याने पाव्लालाही सांगितले नाही. रविवारी क्लेमेनने आपली चूक कबूल केली की तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणणार होता, "तुझ्याच दुर्बिणीनं मारला बरं का शेवटचा." माफी देण्याची त्याची ती रीत होती. त्याला दुसरी येत नव्हती.

गावाच्या नेमबाजीच्या मैदानावर त्याने शंभर मीटरवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही मुठीएवढ्या जागेत बसल्या. विंको कुत्रीला घेऊन कुंपणापाशी उभा होता. जखमी जनावराचा माग काढणारी त्याची रुना साऱ्या खोऱ्यात प्रसिद्ध, आणि विंकोची जीभ त्याहून.

"काय रे उर्बान? बटाटे लावायला निघालास का शेवटी?"

"डोळ्यांना आधार म्हणून घेतलीय."

"मला काही हरकत नाही. म्हातारपणी माणूस काठीही घेतो. फक्त काठी पुढं आणि माणूस मागं, एवढं ध्यानात ठेव."

उर्बान हसला. दुर्बीण खरे बोलते आहे याची त्याची खात्री पटली होती. पुस्तिका त्याने उघडलीच नाही. सेहेचाळीस वर्षे शिकार केलेल्या माणसाने पुस्तिका वाचायची म्हणजे काय!

गुरुवारी उजाडता उजाडता तो रॉब नावाच्या खडकावर पालथा पडला. धुके खाली दरीत बसून होते आणि वरचे कडे कोरडे, स्वच्छ होते. आठाच्या सुमारास म्हातारा गाम्स खालच्या गवताच्या पट्ट्यावर आला. एकटा, पाठीवर काळा पट्टा, चालण्यात घाई नाही. उर्बानने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. त्याला तो आवडला. आपण दोघे एकाच वयाचे, असे त्याच्या मनात आले.

त्याने बटण दाबले. दोनशे साठ.

उतार पायांखालून सुटल्यासारखा होता. साठ काढायचे, उर्बानने हिशेब केला. दुर्बिणीच्या माथ्यावर मीटर कोरलेली एक चकती असते. जितके अंतर तितक्यावर ती फिरवायची आणि मग आतली फुली थेट जनावरावर धरायची. त्याने चकती दोनशेवर आणली, फुली खांद्यामागे टेकवली, अर्धा श्वास सोडला आणि चाप ओढला.

गाम्स पुढच्या बाजूने कोसळला. मग उठला. डावा पुढचा पाय कातडीला लोंबत होता. तीन पायांवर तो पट्ट्याच्या टोकापर्यंत गेला, एकदा मागे वळला, आणि खुरट्या झुडपांत दिसेनासा झाला.

उर्बान तसाच पडून राहिला. जखमी जनावराच्या मागे लगेच जायचे नसते. त्याला कुठेतरी बसू द्यायचे असते. त्याने विंकोला फोन केला आणि वाट बघत बसला. वारा नव्हता. चाप झटक्याने ओढला गेला नव्हता. फुली कुठे होती ते त्याला डोळे मिटूनही दिसत होते. मग गोळी खाली का लागली?

खाली दरीत एक पांढरा खडक आहे. वनखात्याची माणसे मोजणीला आली होती तेव्हा याच जागेवरून त्या खडकापर्यंत चारशे दहा मीटर भरले होते. मोजणीची काठी धरून खडकावर उर्बान स्वतःच उभा होता, म्हणून आकडा त्याच्या लक्षात होता. त्याने खडकावर फुली धरली आणि बटण दाबले. तीनशे तीस.

यंत्र बिघडले तर! त्याला क्षणभर बरे वाटले. समोरच्या धारेवर, बरोबर याच उंचीवर, मेंढपाळाची झोपडी आहे. ती सहाशे मीटरवर. त्याने झोपडीवर बटण दाबले. सहाशे.

पुन्हा खडक. तीनशे तीस. पुन्हा झोपडी. सहाशे. सात-आठ वेळा त्याने हेच केले. सपाट बघितले की दुर्बीण खरे सांगत होती आणि खाली बघितले की कमी. अंतर उताराचे असेल तर ती आपणहून वजा करत होती. वजा करूनच आकडा दाखवत होती. गाम्स खरा तीनशे चाळीसवर होता. दुर्बिणीने उताराचे ऐंशी काढून दोनशे साठ सांगितले होते, आणि त्यावर उर्बानने आणखी साठ काढले होते.

"बाबा, ही दुर्बीण—"

"काढ म्हटलं ना!"

ते अर्धे राहिलेले वाक्य त्याला आत्ता, चार वर्षांनी, पुरे ऐकू आले. ही दुर्बीण उतार आपणच धरते. एवढेच होते ते. बोलून संपायला चार क्षण लागले असते. पोराने बापाचे ऐकले, आणि बापाने त्याला ऐकल्याची शिक्षा दिली.

विंको आणि रुना दहा वाजता वर आले. रुनाने माग धरला आणि तिघे झुडपांतून, दगडधोंड्यांतून तीन तास उतरत राहिले. मोडका पाय दगडांवर आपटत गेल्याच्या खुणा होत्या, ठिकठिकाणी रक्त होते. एका अरुंद कपारीत तो बसलेला सापडला. मान ताठ, डोळे उघडे. उर्बान तीस पावलांवर गेला आणि त्याने त्याला संपवले. गोळीचा आवाज कड्यांवरून फिरून परत आला.

"पाय?" विंकोने वाकून बघितले. "तुझ्या हातून पाय?"

उर्बानने तोंड उघडले. आत्ता सांगितले असते तर इथेच संपले असते. एक मित्र, एक कुत्री, कोणी तिसरे नाही.

"वारा," तो म्हणाला. "दरीतून एकदम उठला."

"किती लांब होता?"

"दोनशे साठ."

विंकोने त्याच्याकडे पाहिले, मग मान डोलावली. "वारा काय कोणाच्या बापाचं ऐकतोय? सेहेचाळीस वर्षांत एक. चालायचंच." त्याने खिशातून मंडळाची वही काढून नोंद केली. मग देवदाराची डहाळी मोडली, अर्धी गाम्सच्या तोंडात ठेवली, अर्धी रक्तात बुडवून आपल्या टोपीवर धरली आणि उर्बानपुढे केली. "घे. शेवटची आहे."

क्लेमेनला असे कोणी म्हणाले नव्हते. चालायचंच, असे त्याला कोणी म्हणाले नव्हते. उर्बानने डहाळी घेतली, रीतीप्रमाणे एक कोंब मोडून रुनाच्या पट्ट्यात अडकवला, आणि उरलेली आपल्या टोपीत खोचली.

"रुनाला पाणी दे," तो म्हणाला. "दमलीय बिचारी."

शुक्रवार आणि शनिवार तो पाव्लाच्या पायांत पायांत घोटाळत राहिला. पाव्लाला ते दिसलेही नाही. ती खिडक्या पुसत होती, अक्रोडाचे सारण भरलेला गोड पाव, पोटित्सा, भाजत होती, क्लेमेनच्या खोलीतला पलंग तिसऱ्यांदा आवरत होती आणि चक्क गात होती. उर्बान लाकडांच्या छपरीत जाऊन मोठ्याने म्हणून बघायचा: चूक क्लेमेनची नव्हती. मी सांगितलं ते चुकीचं होतं. ऐकायला सोपे वाटत होते. शनिवारी सकाळी त्याने बेल्याकला फोन लावला. पलीकडून क्लेमेन म्हणाला, "हॅलो? आई?" आणि उर्बानने फोन ठेवला.

उद्या, त्याने ठरवले. पोराने तोंड उघडायच्या आत मीच उभा राहीन. सगळ्यांसमोर घेतलेले सगळ्यांसमोरच परत करायचे. हे ठरल्यावर त्याला झोपही लागली.

क्लेमेन दुपारी आला. एकतिसाव्या वर्षी त्याचे केस कपाळावरून मागे सरकले होते. आईने त्याला दारातच असे धरले की आत यायला वाट राहिली नाही.

"बाबा," तो म्हणाला.

"ये," उर्बान म्हणाला. "रस्ता बरा होता?"

"बरा होता."

मग विंको आला, मंडळाचे दोन म्हातारे आले, वाइन उघडली गेली, भाजलेले बदक आणि लाल कोबी टेबलावर आली. पहिला पेला होईतो सगळे हवेबद्दल बोलले. विंकोला गप्प बसणे जमत नाही, आणि ताण आला की मुळीच नाही.

"तुझ्या बापाची कथा ऐकलीस का?" तो क्लेमेनला म्हणाला. "शेवटचा गाम्स, आणि या बाबाजीनं त्याचा पाय मोडला! रुना नसती तर अजून शोधत बसलो असतो. म्हणजे बघ, वारा कोणालाच सोडत नाही."

"वारा होता?" क्लेमेनने विचारले.

"दरीतून एकदम उठला म्हणे. तुझीच दुर्बीण लावली होती की त्यानं."

"किती लांब होता?"

"दोनशे साठ. रॉबवरून सरळ खाली."

क्लेमेनने काटा खाली ठेवला. त्याने बापाकडे पाहिले. रागाने नाही, पत्ता शोधणारा माणूस घरांवरच्या पाट्या वाचतो तसे. मग तो उठला. "हात धुऊन येतो."

स्वयंपाकघराचे दार उघडे होते. उर्बान बसला होता तिथून वाटेतली खुंटी दिसत होती. खुंटीवर रक्ताळलेल्या डहाळीची त्याची टोपी, आणि खाली रायफल. क्लेमेन रायफलीपाशी थांबला. वाकला. दुर्बिणीच्या माथ्यावरची चकती त्याने जवळून पाहिली. चकती गुरुवारपासून कोणी फिरवली नव्हती. ती दोनशेवरच होती. क्लेमेन तिथे इतका वेळ उभा राहिला की आतून पाव्लाने हाक मारली, "साबण सापडत नाहीये का रे?"

"सापडला," तो म्हणाला आणि हात न धुताच परत आला.

बदक संपले. विंकोने घसा साफ केला आणि टेबलाकडे बघत बसला. सगळ्यांना माहीत होते आता काय व्हायचे ते. क्लेमेन पेला घेऊन उभा राहिला. तो बापाकडे बघत होता आणि थांबला होता.

आता, उर्बान स्वतःला म्हणाला. शब्द तयार होते, छपरीत घोटलेले. पाय तेवढे खुर्चीखालून पुढे घ्यायचे होते. समोर विंको होता, ज्याच्या वहीत वारा लिहिलेला होता. ते दोन म्हातारे होते, ज्यांनी चार वर्षांपूर्वी बाहेर पडताना त्याचा हात हातात घेऊन म्हटले होते, उर्बान, तुझ्यासारखा तूच. पाव्ला होती, हातात पुसणे धरून. हे सगळे आपल्याकडे वळून बघतील, आणि मग मरेपर्यंत तसेच बघतील. त्याने ताटाकडे पाहिले. ताटात कोबीचा लाल रस उरला होता. तो त्याने पावाच्या तुकड्याने पुसायला घेतला.

क्लेमेनने आणखी थोडा वेळ दिला. उर्बानला तो मोजता आला असता इतका तो स्पष्ट होता.

"चार वर्षांपूर्वीचं ते जनावर," मग क्लेमेन म्हणाला. "चाप मी ओढला होता. चूक माझी होती. सगळ्यांची माफी मागतो."

विंकोने खुर्ची मागे ढकलली आणि त्याला मिठीत घेतले. म्हाताऱ्यांनी पेले वर केले. पाव्ला पुसण्यात तोंड घालून रडली, सुखाने. उर्बाननेही पेला वर केला, कारण सगळे आता त्याच्याकडे बघू लागले होते.

"झालं गेलं," तो म्हणाला. "घर तुझंच आहे."

खांद्यावर हात ठेवून म्हणायचे ते वाक्य त्याला आठवले. ते त्याने मनातच गिळले.

क्लेमेन मुक्काम करणार होता, पण म्हणाला, सोमवारी सकाळची पाळी आहे, उजेड आहे तोवर निघतो. उर्बान त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेला. आता दोघेच होते. आता कोणी बघत नव्हते. तरी तो गाडीच्या काचेवरचे वाळके पान काढत राहिला.

"चकती दोनशेवर राहिलीय," क्लेमेन म्हणाला.

"हो."

"म्हणजे साठ काढलेत."

"हो," उर्बान म्हणाला. मग त्याने विचारले, "तुला केव्हा कळलं होतं?"

"मला माहीतच होतं, बाबा. तेच तर सांगत होतो. पण तुम्ही शेजारी होतात, आणि तुम्ही कधी चुकत नव्हता." तो गाडीत बसला, पट्टा लावला. "माझ्या वेळी पन्नास सांगितले होतेत."

"क्लेमेन, मी विंकोला सांगतो. उद्याच जाऊन सांगतो."

"आज मी थांबलो होतो की. किती वेळ थांबलो होतो." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर उर्बानला काहीतरी धरायला मिळाले असते. "आईला बसने पाठवत जा. मी स्टँडवर घ्यायला येत जाईन."

गाडी वळणावरून खाली गेली. पाव्ला धावत अंगणात आली, हातात कापडात बांधलेली पोटित्सा.

"गेला? अगंबाई, हे राहिलंच की! तूसुद्धा एक, थांबवायचं नाही का त्याला?" ती धाप लागेपर्यंत हसली. गाल अजून ओले होते. "असू दे. नाताळापर्यंत टिकते ही. काय म्हणत होता रे? नाताळात येईल ना?"

उर्बानने वळणाकडे पाहिले. एवढ्या लांबचे त्याला आता दिसत नव्हते.

"येईल," तो म्हणाला.